गुरुवारच्या ताई

आमची मुलगी घरात इतकी बोलायची, की मी पंख्याचा वेग वाढवून थोडी शांतता मिळवायचो. पण उंबरठा ओलांडला की तिचं तोंड बंद. जिन्यात कुणी "नाव काय गं तुझं?" विचारलं, की ती माझ्या पँटला धरून मागे सरकायची आणि मी घाईघाईने तिचं नाव, वय, आवडता रंग सांगून मोकळा व्हायचो. चार वर्षांच्या मुलीचा मी बिनफीचा वकील होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही कोपरखैरण्याला नवीनच राहायला आलो होतो. बायकोची नोकरी मुंबईत, ती आठाच्या आत घरी येत नसे. मी पावण्याच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला, तिनाला मोकळा. खालच्या मजल्यावरच्या काकू तोवर मुलीला सांभाळायच्या. "फार गुणी पोर हो, आवाज म्हणून नाही," असं त्या रोज कौतुकाने सांगायच्या आणि मी मान डोलावून तिला वर घेऊन यायचो. पुढे लांबलचक दुपार. निम्मे फ्लॅट कुलूपबंद, रस्ते रुंद आणि रिकामे, झाडं काठीएवढी. खरं तर बाहेर मीही कुणाशी बोलत नव्हतो. पण मोठा माणूस गप्प असला की लोक त्याला सभ्य म्हणतात, एवढाच फरक.

शाळेच्या मुलाखतीतही ती बोलली नाही. बाई म्हणाल्या, "जूनपर्यंत थांबू. निदान स्वतःचं नाव तरी तिने सांगायला हवं ना."

त्याच सुमारास शेजारच्या बोनकोडे गावातल्या बालवाडीत दर गुरुवारी दुपारी एक ताई येऊ लागल्या. लहान मुलांच्या मनाचं बघणाऱ्या. महापालिकेने मार्चपर्यंतचे पैसे दिले होते. पुढचं साहेब लोक बघून ठरवणार होते. आमच्या सोसायटीचे चेअरमन जिन्यात म्हणाले, "नळाला पाणी नाही, आणि हे निघाले पोरांच्या मनावर खर्च करायला!" मी मोठ्याने हसलो आणि गुरुवारी मुलीला स्कूटरवर पुढे उभी करून गुपचूप बोनकोडं गाठलं.

आत सगळ्या आया. पुरुष मी एकटा. मी दाराशी चपलांच्या शेजारी बसलो. बालवाडीच्या मदतनीस मावशी गावातल्याच. त्या म्हणाल्या, "भाऊ, चपलांत कशाला बसता? या ना आत. हितं कोन खातंय तुमाला?" नेमकं त्याच वेळी एक मुलगा दुसऱ्याच्या दंडाला चावला, म्हणून मी चपलांतच राहिलो.

ताईंनी मुलीला काहीच विचारलं नाही. मातीचा गोळा तिच्यासमोर ठेवला, दुसरा स्वतः मळत बसल्या. निघताना मला म्हणाल्या, "एकच करा. तिला कुणी काही विचारलं तर तिच्या वतीने उत्तर देऊ नका. थांबा."

"किती वेळ?"

"तुम्हाला नको होईल इतका."

मला लगेचच नको व्हायचं. जिन्यात शेजारीण विचारायची, मुलगी गप्प, मी गप्प, शेजारीण आमच्याकडे आळीपाळीने बघायची. दोघांनाही काहीतरी झालंय, असं तिचं पक्कं मत झालं असणार. पण बालवाडीत मात्र काहीतरी हलत होतं. एका गुरुवारी मुलगी गुडघ्यांवर रांगत ताईंजवळ गेली आणि त्यांच्या कानाला तोंड लावून काहीतरी पुटपुटली. निघताना मी ताईंना विचारलं, काय म्हणाली?

"ते आमचं दोघींचं आहे," ताई म्हणाल्या.

स्कूटरवर सबंध रस्ताभर मला ताईंचा हेवा वाटत होता.

मग साहेब येणार असल्याची बातमी आली. ताईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं, "नेहमीसारखंच असू द्या. रडणारा रडू दे, चावणारा चावू दे. त्यांनी तेच बघायला हवं."

आम्ही माना डोलावल्या. ताई गेल्यावर एक आई म्हणाली, "असं कसं? चार पाहुणे येनार, आणि आपन रडकी पोरं दाखवायची? काय म्हनतील?" सगळ्यांना पटलं. मलाही. पाहुणे आले की मुलांनी नमस्कार करायचा, गाणं म्हणून दाखवायचं. आपल्याकडे याला दुसरा इलाजच नाही. रांगोळी काढायचं ठरलं, नवे फ्रॉक ठरले. झेंडूचं तोरण मी बांधलं. उंचीचा माझ्या आयुष्यात झालेला तेवढाच उपयोग.

साहेब आले, बरोबर एक बाईही. चावणाऱ्या मुलाच्या तोंडात राजगिऱ्याची चिक्की होती. आई दिसेनाशी झाली की टाहो फोडणाऱ्या मुलीची आई तिच्या हातात पदर देऊन मागेच बसली होती. मुलांनी हात जोडले, एका सुरात माकडाचं गाणं म्हटलं. ताई भिंतीशी उभ्या होत्या, त्यांचा चेहरा उतरत गेला. आम्हाला वाटलं, थकल्या असतील.

बाई माझ्या मुलीपुढे वाकल्या. "नाव काय बाळ तुझं?"

ताईंनी हात किंचित वर केला, थांबा म्हणून. खोली गप्प झाली. पाहुण्यांसमोरची ती शांतता कुणालाच सोसेना. मग तीन आया, मदतनीस मावशी आणि मी, सगळ्यांनी एकदमच तिचं नाव सांगून टाकलं. "लाजते हो जरा." "घरी नुसता पोपट हाय!"

"गोड आहे," बाई म्हणाल्या. साहेब ताईंकडे वळून अगदी मनापासून म्हणाले, "मॅडम, किती छान मुलं आहेत. शिस्त बघा! यांना कसलाच प्रॉब्लेम दिसत नाही."

आम्ही टाळ्या वाजवल्या. ताईंनी तेवढ्या वाजवल्या नाहीत.

मार्चनंतर पैसे आले नाहीत. साहेबांना दोष कसा द्यायचा? धडधाकट मुलांवर कोण खर्च करेल? पुढे सेक्टरच्या बागेत घसरगुंडी आली, ती त्याच पैशांची, असं आमच्याकडे बोलत. घसरगुंडी चांगली होती.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी मुलगी वेळेवर सँडल घालून दाराशी उभी राहिली. ताई येत नाहीत हे तिला सांगायचं मला जमलं नव्हतं. निघालो. बालवाडीला कुलूप होतं, माझं तोरण वाळून वर तसंच लटकत होतं. ओट्यावर एक म्हातारेबाबा जाळं विणत बसले होते. त्यांनी मला नाही, तिला विचारलं.

"कोनाला बगतेस गो बाय?"

सवयीने माझं तोंड उघडलं. मी ते मिटलं आणि कुलपाकडे बघत राहिलो. बाबांची सुई जाळ्यातून जात-येत होती. पलीकडून एक ट्रक गेला, त्याची धूळ खाली बसली. मला केव्हाचं नको झालं होतं.

"ताईंना," ती म्हणाली.

घराबाहेर तिचा आवाज कसा येतो हे मला ठाऊकच नव्हतं. जरासा घोगरा होता.

"त्या नाय येत आता," म्हणून बाबा पुन्हा जाळ्याकडे वळले. आत्ता काय झालं, याची त्यांना कल्पनाही नव्हती.

मला कुणाला तरी सांगायचं होतं. कोपऱ्यावरच्या बूथवरून बायकोच्या ऑफिसला फोन लावला. ती जागेवर नव्हती. बूथवाल्याला सांगावं असंही क्षणभर वाटलं. तो पेपर वाचत होता. घरी येऊन मी मुलीची बडबड ऐकत आठ वाजायची वाट बघत बसलो. पंखा लावायचं लक्षातच आलं नाही.

जूनमध्ये शाळेत तिने नाव सांगितलं. हळूच, पण तिचं तिनेच. ताईंना ते कळवायचं राहिलं. बालवाडीतल्या आम्हा टाळ्यावाल्यांपैकी कुणालाच त्यांचा पत्ता माहीत नव्हता.