ढोकीच्या टॉवरवरची संध्याकाळ

"मॅडम, त्या सेक्टरमधल्या व्हिडिओचा स्पीड कमी करून टाका. बाकीच्यांचे कॉल तरी लागतील," साहेब पुण्याहून फोनवर म्हणाले.

मी मोबाईल कंपनीत नेटवर्क इंजिनिअर. ढोकीजवळच्या टॉवरच्या तक्रारी येत होत्या. टॉवरवर तीन दिशांना तोंड करून अँटेना असतात. प्रत्येकाच्या हद्दीला आम्ही सेक्टर म्हणतो. त्यातला एकच सेक्टर दिवस मावळला की तुडुंब भरायचा, आणि सगळा भार व्हिडिओ कॉलचा.

"करते सर. आधी एकदा बघून येते."

संध्याकाळी पोचले. त्या बाजूला ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, होत्या. बाया नुकत्याच फडातून परतल्या होत्या. जवळजवळ प्रत्येक चुलीपाशी पातेल्याला टेकवून मोबाईल उभा केलेला. पडद्यावर गावाकडं ठेवलेली पोरं. कुणी कविता म्हणत होतं, कुणी पडलेला दात दाखवत होतं.

त्यांतल्या सिंधूबाईंच्या फोनवरचं चित्र मात्र गोठलं होतं.

"ल्योक बोलतोय, पण तोंड हलत न्हाय," त्या म्हणाल्या.

"ताई, नुसता आवाज आला तर चालेल?"

"नुसत्या आवाजात त्यो बरा हाय म्हणतो. ताप असला तरी. तोंड बघितलं की मला कळतं."

टॉवर एका सेकंदाचे हजार तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यात कुणाला किती जागा द्यायची ते ठरवतो. हे मी कितीदा लोकांना समजावलंय. ते तुकडे जातात कुठं, ते त्या दिवशी पाहिलं. एवढ्या आया, एवढी पोरं, सगळ्यांचा आवाज एकाच हवेतून चाललेला, आणि कुणाचं पोर चुकून दुसरीच्या पडद्यावर जात नव्हतं. अंगावर काटा आला.

मग साहेबांना फोन लावला.

"सर, शेजारच्या सेक्टरचं तोंड मोकळ्या रानाकडं आहे. तिकडचा ऊस तुटला, माणूस नाही. तो अँटेना कोप्यांकडं थोडा फिरवू."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मीच स्पीड कमी करते."

दुसऱ्या दिवशी टॉवरवर चढणाऱ्या आमच्या माणसानं अँटेना फिरवला. संध्याकाळी मी पुन्हा कोप्यांवर गेले. भार दोन्हीकडं वाटला गेला होता. साधे कॉलही लागू लागले.

सिंधूबाईंचा मुलगा पडद्यावर हलला, हसला. त्यांनी फोन उचलून डोळ्यांजवळ धरला. मग पडद्यावर पोराच्या मागं बसलेल्या सासूला म्हणाल्या, "आत्याबाई, ह्याचं डोळं तांबडं दिसत्यात. सकाळीच दवाखान्यात न्ह्या."

सेक्टर भरला म्हणजे टॉवर भरला असं नसतं. कुणाचा स्पीड कापण्याआधी शेजारच्या अँटेनाचं तोंड कुठं आहे, ते बघावं.