मत कंसात ठेवून मुलगी पाहिली

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मी काय करून बसलो ते ऐकल्यावर तुम्हाला माझी कीव येणार आहे. मुलगी पाहायला जाऊन "पसंत आहे का?" या प्रश्नाला "सांगता येणार नाही" असं उत्तर देणारा माणूस कधी पाहिलाय? मग नीट बघून घ्या, तुमच्यासमोरच बसलाय! आणि आवडली नव्हती म्हणून नव्हे बरं. पाहताक्षणी आवडली होती. तिथंच तर घोळ झाला.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी मूळचा देऊळघाटचा, पण पुण्याला राहून धर्मांचा अभ्यास करत होतो. पूजापाठ नव्हे हो! माणसं देव का मानतात, विधी का करतात, त्यातून समाजाला काय मिळतं, याचं शास्त्र. आणि काय ते शास्त्र! मी अक्षरशः वेडा झालो होतो. आमचे सर म्हणायचे, "कुणाचाही विधी बघताना आपलं मत कंसात ठेवा. चांगलं-वाईट ठरवू नका. करणाऱ्याच्या मनात त्याचा काय अर्थ आहे, तेवढा समजून घ्या." इतका थोर विचार मी जन्मात ऐकला नव्हता. त्या दिवसापासून मी दिसेल ते मत कंसात टाकायला लागलो. खाणावळीतल्या भाजीबद्दलचंसुद्धा.

सुट्टीत घरी आलो, तर मामानं जानेफळचं स्थळ काढून ठेवलेलं. मुलीचे वडील आबाजी, गावातले मोठे शेतकरी. मिशा अशा, की बोलायच्या आधी माणसानं नमस्कारच करावा. बैठकीत पाट मांडला. मुलगी आली, सुमन तिचं नाव. पोह्याच्या बश्या ठेवल्या आणि पाटावर बसली.

मी तिच्याकडं पाहिलं आणि संपलो! टपोरे डोळे, आणि त्यात असं हसू, की वाटावं हिनं आपल्याला आरपार ओळखलंय. लगेच कानात सरांचा आवाज घुमला. कंस! कंस! मी घाईघाईनं नजर पाटाकडं वळवली.

मामानं कोपर मारलं. "इचार नं बे काही पोरीले!"

मी आबाजींना विचारलं, "पाट पूर्वेकडंच का मांडला?"

"पह्यलेपासून तसाच मांडतात."

"पण तुमच्या मनात त्याचा अर्थ काय? आणि कुंकू पोह्यांच्या आधी का नाही लावलं?"

दाराआडून मुलीच्या आईचा आवाज आला, "पोट्टा पोलिसात हाये काय वं?"

शेवटी आबाजीच वैतागले. "थे जाऊ द्या. पोरगी पसंत हाये का, सांगा."

"आबाजी, आमच्या शास्त्रात पसंत-नापसंत ठरवत नसतात. समोरच्याच्या मनात काय आहे, तेवढं समजून घेतात."

"म्हंजे नापसंत?"

"छे छे, तसंही नाही!"

"मंग पसंत?"

"तेही सांगता येणार नाही."

मामानं डोक्याला हात लावला. आबाजींच्या मिशा थरथरायला लागल्या. आता तरी गप्प बसावं की नाही? पण मला वाटलं, शास्त्र समजावून सांगितलं की हे खूश होतील! म्हटलं, "हे बघा, लग्नात माणूस आधी जुन्या घरातून सुटतो आणि शेवटी नव्या घरात सामावतो. या दोन्हींच्या मधे एक अवस्था असते. तुमची मुलगी आत्ता त्या अवस्थेत आहे. ना इकडची, ना तिकडची."

झालं! आबाजी ताडकन उठले. "माह्या घरात बसून, माहेच पोहे खाऊन, माह्याच पोरीले ना इकडची ना तिकडची म्हंता? चाला, उठा!"

आम्ही ओसरीवरून खाली उतरलो. चपलेत पाय घालताना मात्र कळून चुकलं. गेली! आयुष्यात एकच मुलगी अशी मनात भरली, आणि तिला मी माझ्या तोंडानं घालवली.

तेवढ्यात दारातून सुमन म्हणाली, "आबाजी, थांबा. मले याह्यले एक इचारू द्या." मग माझ्याकडं बघून, "कोनाच्या मनात काय हाये, थे समजून घ्याचं म्हंता नं तुमी? मंग पाटाचं इचारलं, कुंकवाचं इचारलं. पाटावर बसली तिले काऊन नाही इचारलं?"

अहो, आमच्या शास्त्राचा गाभाच तो! पुण्यात वर्षभर घोकला, आणि ऐन वेळी विसरलो! एक पाय चपलेत, एक मातीत, तसाच ओरडलो, "पसंत! आबाजी, पसंत हाये! मले लय पसंत हाये!" कंस, सर, पुण्यात कमावलेली भाषा, सगळं तिथंच सांडलं. समोरच्या ओट्यावरची माणसं उठून बघायला लागली.

"मले इचार करा लागन," सुमन म्हणाली आणि शांतपणे आत निघून गेली.

निरोप येईपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. ती मधली अवस्था पुस्तकात चार ओळींत आटपते हो, स्वतः बसावं लागलं की कळते! शेवटी होकार आला, लग्न झालं. एकदा मी जरा ऐटीतच तिला विचारलं, "तू हो का म्हणालीस? माझी विद्वत्ता आवडली ना?"

"विद्वत्ता कशाची!" ती म्हणाली. "तुमच्या आंधी जे पाव्हणे आले, त्याह्यनं माहा रंग पाह्यला, मले चालून दाखवाले लावलं. एका बाईनं त केस ओढून पाह्यले, खरे हायेत का म्हून. तुमी पाट पाह्यला. म्हटलं, याह्यले जगातलं काहीच समजत नाही. असा मानूस सांभाळाले सोपा जाते."