गारगोटीचा दात

दातांच्या दवाखान्यात माणसाला तोंड उघडून गप्प बसावं लागतं. मग सगळं बोलणं खुर्चीत बसण्याआधी, नाहीतर उठल्यावर! बंगळूरच्या चामराजपेटेत डॉक्टर माधवरावांच्या हाताखाली मी चौदा वर्षं फिलिंगचा मसाला कालवला. किस्से साठले नसते तरच नवल.

*

पन्नासच्या दशकात पुढच्या दातात नुसतं प्लास्टिक भरायचे. शेजारचे नंजप्पा शिंपी सारखे यायचे. फिलिंगला मधोमध खाच!

"दोरा दातानं तोडता?" डॉक्टरांनी विचारलं.

"मग? पण अण्णा, माझ्या दाताला खाच पडायला वीस वर्षं लागली. तुमच्याला दोन महिने!"

डॉक्टर हसले नाहीत. "प्लास्टिकच्या पोटात काहीतरी टणक हवं," एवढंच म्हणाले.

*

साठच्या दशकात ते आलं. प्लास्टिकमध्ये गारगोटीची बारीक पूड.

"नुसता चुना आणि वाळू घातलेला चुना," डॉक्टरांनी मला समजावलं. "भिंत कुठली टिकेल, सुमित्राक्का?"

पहिलं फिलिंग मल्लेश्वरमच्या एका शिक्षिकाबाईंचं. मी नेहमीच्या पोलादी पट्टीनं मसाला कालवला. दात राखाडी झाला! गारगोटीनं पट्टीच खरवडली होती, पोलादाचा कीस मसाल्यात उतरला होता. मुलीचं लग्न परवावर आलेलं. बाईंचे डोळे भरले. मी पट्टी पाठीमागे लपवली.

"चूक माझी," डॉक्टर बाईंना म्हणाले. "हिला मीच सांगायला हवं होतं."

दात पुन्हा कोरला, प्लास्टिकच्या पट्टीनं कालवून भरला. बाई गेल्यावर त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. "स्वल्प बस, थोडी टेक," म्हणाले.

*

बसवराज लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. वाद्याचं तोंड वरच्या दातांनी दाबून धरावं लागतं, आणि त्याचा नेमका तोच दात तुटलेला. प्लास्टिक तीनदा भरलं, तीनदा झिजलं. बँडवाल्यानं दुसरा माणूस शोधायला घेतला होता. डॉक्टरांनी गारगोटीवालं भरलं.

सहा महिन्यांनी तो आला. फिलिंग जसंच्या तसं! डॉक्टरांचा चेहरा उजळला.

बसवराजनं पिशवीतून क्लॅरिनेट काढलं. वाद्याच्या तोंडाच्या काळ्या, कडक रबरावर खोल, ताजी खाच पडली होती.

"हे माझ्या अप्पांचं. ते गेले तेव्हा इथे त्यांच्या दातांची खूण होती. मी तिच्यावरच दात टेकवायचो."

खूण आता उरली नव्हती. डॉक्टर बराच वेळ बोटानं ती खाच चाचपत राहिले.

"काढून टाकू का फिलिंग? पुन्हा प्लास्टिक भरतो."

बसवराजनं वाद्य परत घेतलं, फडक्यानं पुसलं.

"राहू द्या, अण्णा. आता माझी पडलीय."