धूर बघणारा माणूस

घरात पाऊल टाकलं की तो आधी खिशातून उदबत्ती काढायचा. देवासाठी नव्हे. खोलीच्या मधोमध ती पेटती धरून धुराकडे टक लावायचा आणि विचारायचा, "हवा येते कुठनं, जाते कुठं, सांगा मास्तर."

मी मास्तर नाही, कचेरीत कारकून आहे. पण आमच्या घरात शिकलेला पहिला मीच, म्हणून त्याच्या लेखी मास्तर. एसीची कामं करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण इतका चुळबुळ्या दुसरा नसेल. चहा पितानाही त्याचं बोट खिडकीच्या फटीवरून फिरत असायचं.

टेमघरचं आमचं घर मी वडिलांसाठी दुरुस्त करत होतो. कापडाच्या लूमवर, यंत्रमागावर, उभं राहून त्यांनी मला शिकवलं आणि छातीत कापसाची धूळ भरून घेतली. शेजारी अजून लूमचा कारखाना आहे. म्हणून मी खिडक्यांना दुहेरी काच लावली, फटींत रबर भरलं. धूळ नको, खडखडाट नको. आता एसी आणि बाथरूममध्ये गॅसचा गिझर बसला की झालं, असं मला वाटत होतं.

"गिझर जळताना हवा खाणार. या बंद डब्यात कुणाची खाणार, काकांची?" त्यानं पिशवी उचलली. "विजेचा घ्या, न्हायतर दुसरा माणूस बघा."

विजेचा घेतला.

"आन एसी तीच हवा फिरवतो. थंड करतो, ताजी न्हाय करत." असं म्हणून त्यानं वडिलांच्या खोलीत, कारखान्याच्या उलट बाजूच्या भिंतीला भोक पाडलं. ताजी हवा आत घेणारा छोटा पंखा बसवला, त्यावर फिल्टर आणि जाळी. नवी भिंत फुटताना मी चडफडत उभा होतो.

महिनाभरात सकाळी वडिलांचं डोकं जड होऊ लागलं. धाप वाढली. मी घाबरलो आणि फोनवर त्यालाच बोल लावले. तो तासाभरात आला. उदबत्ती धरली. धूर सरळ उभा. त्यानं भोकाची जाळी काढली. आत चिंधी कोंबलेली होती, नीट घडी घालून.

"काका, हे कुणी केलं?"

"मीच," वडील म्हणाले. "वाऱ्यानं तार तुटते."

लूमच्या शेडमध्ये खिडक्या बंदच ठेवतात. वारा लागला की सूत सुकतं, त्याची तार तुटते, मग शेटची बोलणी. भोक दिसलं की वडिलांचा हात चिंधी शोधतो.

मला हसू आलं. त्याला नाही. आमच्या घरात तो पहिल्यांदाच खाली बसला, वडिलांच्या समोर.

"काका, हितं तार न्हाय. हितं तुमीच हाव."

वडिलांनी चिंधी त्याच्या हातातून घेतली आणि पुन्हा कधी तिथे कोंबली नाही. धाप कमी झाली.

यंदा त्याचा फोन लागेना, म्हणून चौकशी केली तर तो गेल्याचं कळलं. मी त्याच्या घरी निघालो, तसे वडील म्हणाले, "मीपण येतो."

खारबावला त्याच्या घरी फोटोला हार होता. समोर उदबत्ती. खोली माणसांनी भरलेली, धूर सरळ उभा. वडिलांनी थोडा वेळ धुराकडे पाहिलं. मग कुणाला न विचारता ते उठले आणि खिडकी उघडली.

धूर फोटोवरून हलकेच वाकला आणि बाहेर निघाला.