फियाटचा नंदी

वडिलांची फियाट माझ्याकडे आली, कारण त्यांना दुसरं अपत्य नव्हतं. पुलगावला गिरणीमागच्या मोकळ्या जागेत त्यांनीच मला ती चालवायला शिकवलं होतं. ते गेल्यावर गाडी सेलूला, माझ्या सासरच्या टाइल्सच्या दुकानामागे येऊन उभी राहिली. आई पुलगावला एकटी. माझा बेत साधा होता. बॅटरी बदलायची, टायर घ्यायचे, रविवारी सकाळी निघायचं आणि संध्याकाळी परत. कोणाची परवानगी नको आणि कोणाची सोबतही नको.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. पोळा जवळ आला तसे मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "सूनबाई, गाडी उभ्या उभ्या सडून राह्यली. यंदा पोरायच्या तान्ह्या पोळ्याले तिचाच नंदी करू. लोकाचे नंदी लाकडाचे, आपला चार चाकाचा. दुकानाचंही नाव होते."

"मग गाडी मला कधी मिळणार?"

"दसऱ्याले धुऊन देतो तुले. बस?"

काम मीच हाती घेतलं. नियम एकच ठेवला: जे निघत नाही, ते गाडीला लागणार नाही. पत्र्यावर आधी जुनी घोंगडी पसरली. पुढच्या बाजूला बांबूचा सांगाडा, त्यावर कोंबडीची जाळी, जाळीवर पीओपी. असं नंदीचं डोकं झालं. शिंगं प्लास्टिकच्या पाइपची, गरम करून वाकवलेली. डोळ्यांच्या जागी न्हाणीच्या गोल जाळ्या. गळ्यात पितळी वॉशरची माळ. अंगावरची झूल फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची, पण तुकडे गोणपाटावर चिकटवलेले, म्हणजे काम झाल्यावर सगळी झूल एकदम उचलता यावी.

पोळा तोंडावर आला आणि आई तापानं पडली. मी बसनं पुलगावला गेले. तिला जरा बरं वाटल्यावर म्हणाली, "दसऱ्यानंतर गाडीनंच येजो. मी फाटकात उभी राहीन."

परत आले तर मिस्त्री ओल्या फडक्यानं टाइल्सच्या फटी पुसत होता. झूल मिरवणुकीत घसरेल, असं माझ्या दिराच्या मनात आलं होतं. त्यांनी घोंगडी आणि गोणपाट काढून फेकलं, सिमेंट धरावं म्हणून पत्र्यावर छिन्नीचे टाचे मारायला लावले आणि पांढऱ्या सिमेंटात टाइल्सचे तुकडे कायमचे बसवून घेतले. बॉनेट, टप, चारही दारं.

"भाऊजी, दारं कशी उघडणार?"

"दारं काऊन पाह्यजेत, वहिनी? बैलाले दारं असतात का? दोरानं ओढाचा त्याले!"

अंगणातले सगळे हसले. माझे यजमानही हसले. मिस्त्री तेवढा खाली पाहत म्हणाला, "मले वाटलं, तुमाले इचारलं असन."

तान्ह्या पोळ्याला नंदीनं गाव गाजवलं. पहिलं बक्षीस मिळालं, ते दिरांनी घेतलं. घरची सून म्हणून औक्षण माझ्याकडे होतं. बॉनेटला कुंकू लावलं, ओवाळलं, पोरांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, ठेवला.

दसऱ्याला सकाळी चहा देताना मी म्हटलं, "मामाजी, आज दसरा."

"अवं, सोन्यासारखी वस्तू झाली. आता तोडतं कोण?"

यजमान पेपरातून मान न काढता म्हणाले, "तुले एवढं जायाचं कोठी रायते? बस हाय नं."

बस होती. मी बसनं जात राहिले. आई दोन-तीनदा गाडीचं विचारून गेली, मग तिनं विचारणं सोडलं. फाटकात कधी उभी राहिली नाही. दोन हजार सालानंतर तर लोक आमच्या दुकानाला 'नंदीवाल्यांचं दुकान' म्हणायला लागले. आष्टीहून आलेलं गिऱ्हाईकही आधी नंदी बघे, मग टाइल्स. मामाजी माझी ओळख करून देताना म्हणत, "सारी कल्पना आमच्या सूनबाईची." हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा मान डोलावली.

एका पावसाळ्यात चालकाच्या बाजूच्या दारावरचे तुकडे गळाले. खाली वडिलांचा फिकट निळा रंग दिसला, टाच्यांनी खरवडलेला. आता दुकानात कोणी काय करायचं हे मीच ठरवते. पोळ्याआधी नंदीची डागडुजीही मीच मिस्त्रीला नेमून देते. शिंगं रंगवते, डोळे घासून घेते, माळ नवी ओवते. त्या दाराचं काम मात्र कोणालाही सांगत नाही.

"वहिनी, ते दार राह्यलं पहा," दीर दरवर्षी म्हणतात.

"हो, बघते," मी म्हणते, आणि मिस्त्रीला घरी पाठवते.