डक्टवरची फळी

ती घटना अजूनही मला स्वस्थ बसू देत नाही. निवृत्तीनंतर मी उस्मानपुऱ्यात राहतो. शेजारी नवी इमारत उभी राहते आहे. तिथली ठोकाठोक अचानक थांबली, की मी हातातला पेपर टाकून गॅलरीत जातो. बायको म्हणते, "अहो, जेवणाची सुट्टी झाली असेल." तरीही मी बघून येतो.

तेव्हा मी शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सरकारी दवाखान्यातून खबर आली : बांधकाम मजूर, मोटारसायकल घसरून डोक्याला मार, उपचारापूर्वीच मयत. खबर देणारा त्याचा मेव्हणा; मयत हर्सूलच्या अलीकडे ज्या साइटवर कामाला होता, तिथलाच मुकादम. दोघेही गंगापूर तालुक्यातले. मयताची बायको, म्हणजे मुकादमाची बहीण, तीही त्याच साइटवर कामाला. भावाने सांगितलं तेच तिने जबाबात सांगितलं. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला आणि मंडळी अंत्यविधीला गावी गेली.

ती मंडळी कामावर परत आल्यावर एका सकाळी हजेरी संपली, तरी आमचा बीट हवालदार माझ्या टेबलापाशी रेंगाळला. साइटसमोरच्या किराणा दुकानात त्याचं रोजचं बसणं-उठणं.

"साहेब, दुकानदार म्हणतो, तो मजूर वारला त्याच दुपारी ठेकेदारानं साइटवर नारळ, लिंबू, हळद-कुंकू नेलं. ना सण, ना वार."

"ठेकेदार देवभोळा असेल."

"ह्यो ठेकेदार? साधी उदबत्ती नेत नाय कधी. आन् नारळ घ्यायला सोता पळत आला."

मग मी टोपी उचलली. जिथे माणूस दगावतो, तिथे नारळ फोडल्याशिवाय मजूर पुन्हा हत्यार हातात घेत नाहीत, हे मला माहीत होतं. रस्त्यावर मेलेल्या माणसासाठी इमारतीत नारळ कोण फोडेल?

तळमजल्यावर सगळीकडे सिमेंटची भुकटी होती. एका कोपऱ्यातली जमीन तेवढी लख्ख धुतलेली. तिथे करवंटीचे तुकडे आणि कापलेलं लिंबू. मान वर केली, तर थेट आभाळ दिसलं. पाइप नेण्यासाठी प्रत्येक स्लॅबमध्ये सोडलेली ती पोकळी, तिलाच डक्ट म्हणतात. कठडा नाही, जाळी नाही. वर तिच्या कडेने बायका डोक्यावर घमेली घेऊन जात होत्या. मला तिथे उभं राहवेना. ठेकेदाराला म्हटलं, "आधी हे झाकून घ्या."

"लगेच झाकतो, साहेब," तो म्हणाला.

मुकादमाला ठाण्यात आणलं. आवाज चढवला नाही. चहा दिला, तो त्याने घेतला नाही.

"नारळ कुठे फोडायचा, ते ठेकेदाराला कुणी दाखवलं?"

"मीच, साहेब. मजूर वर चढंनात."

मग तो बोलत गेला. डक्टवर प्लायची फळी होती. वरच्या मजल्यावर सेंटरिंगला, म्हणजे स्लॅबच्या साच्याला, प्लाय कमी पडला. ठेकेदार म्हणाला, ती काढ. सकाळी याने काढली. दुपारी दाजी विटांची पाटी घेऊन तिकडून आले. फळी काढल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ठेकेदाराने बजावलं, खरं बोललात तर साइट बंद पडेल, बहिणीची राहती खोलीही जाईल. म्हणून मोटारसायकल रस्त्यावर आडवी केली. एवढा सगळा खटाटोप केला, पण ती फळी खाली आणायला कुणी गेलं नाही. माझं डोकंच फिरलं.

त्याच्यामागोमाग आलेली बहीण बाहेर बाकावर बसली होती. नवरा डक्टमधून पडला हे तिला ठाऊक होतं. फळी कुणी काढली, ते ठाऊक नव्हतं. मी मुकादमालाच तिच्यासमोर सांगायला लावलं. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मी पुरवणी जबाबासाठी कागद पुढे ओढला. तिने विचारलं, "त्ये झाकलं का, साहेब?"

"सांगितलंय मी ठेकेदाराला."

"ह्येंनीबी लई येळा सांगितलं व्हतं." ती उठली. "वर माज्या संगतीच्या बाया हायत. आदी त्ये झाकू. मंग दादाचंबी नाव लिवा, माजी ना नाय."

हवालदाराला तिच्याबरोबर पाठवलं. डक्ट तसाच उघडा होता. ती वर गेली, फळी स्वतः खाली आणली आणि खिळे ठोकून होईपर्यंत तिथून हलली नाही, असं त्याने मला सांगितलं. मग ठाण्यात येऊन तिने अंगठा दिला. ठेकेदार आणि मुकादम दोघांवरही दोषारोपपत्र गेलं. तिची खोली गेलीच. ती गावी परतली.

इतकी वर्षं माझ्या टेबलावर "काम झाले" असे किती शेरे आले आणि मी सह्या केल्या, याचा तेव्हापासून विचार करतो. त्या बाईने मला एवढं शिकवलं, की सांगितलं म्हणजे झालं नव्हे. जाऊन बघावं लागतं.

परवा शेजारच्या ठेकेदाराला खालूनच विचारलं, "डक्ट झाकलाय का?"

"झाकलाय की, काका. तुम्ही कशाला त्रास घेता?"

मी भिंतीला धरून त्या इमारतीचा जिना चढायला लागलो.