बोटं सुटी दिसली पाहिजेत

बाईंचे आई-वडील दोघेही जन्मापासून बहिरे. त्यामुळे बाईंचे हात आधी बोलायला लागले आणि जीभ मागून आली. त्या घरात कडाक्याचं भांडण झालं तरी शेजाऱ्यांना पत्ता लागत नसे. मोठेपणी बाईंनी खुणांची भाषा शिकवायचंच काम पत्करलं, आणि गल्लीत त्यांचं नाव 'हातवाल्या बाई' असं पडलं ते पडलंच.

शिकायला येत ते बहुतेक बहिऱ्या मुलांचे आईबाप. पुढे लांबलांबच्या गावांतून विचारणा व्हायला लागली, तेव्हा बाईंनी मागच्या खोलीत कॉम्प्युटर आणि कॅमेरा मांडला आणि तिथून थेट तास घ्यायला सुरुवात केली. पाठीमागे खिडकी, तिला पानाफुलांचा पडदा, डोक्यावर पंखा. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचे वडील बसत. ते जन्मभर पुस्तकबांधणी करत आले होते आणि अजूनही कुणाचं ना कुणाचं फाटकं पुस्तक त्यांच्यापुढे असायचंच.

सगळं सुरळीत चाललं होतं. एके सकाळी तास संपल्यावर एक तरुण आई कॉम्प्युटरच्या पडद्यावर तशीच बसून राहिली. तिची मुलगी बहिरी, जेमतेम पावलं टाकायला लागलेली.

"बाई, माझं काहीतरी चुकतंय," ती रडवेली होऊन म्हणाली. "दूध देताना मी दुधाची खूण केली की पोरगी तोंड फिरवते. भूक लागलेली असते, तरी!"

"करून दाखवा बघू."

आईने हात हलवला आणि बाईंनी कपाळाला हात लावला. बाई शिकवत त्या खुणांमध्ये दोन बोटं सुटी ठेवून हात हलवला की 'दूध' आणि तीच बोटं जुळवून हलवला की 'थांब'. पोरगी ज्या पाळणाघरात जायची तिथल्या मावशींना खुणा येत होत्या, त्यामुळे 'थांब' तिला चांगलंच ठाऊक होतं. बिचारी आई भुकेल्या लेकराला मोठ्या प्रेमाने थांब, थांब म्हणत होती.

"पण तुम्ही असंच दाखवलं होतं," आई म्हणाली. "मी नीट बघितलंय हो."

बाईंनी त्या तासाचं रेकॉर्डिंग काढलं. हात सावकाश असताना बोटं स्वच्छ दिसत होती. हात वेगात आला की दोन्ही बोटं एकमेकांत विरघळत, जणू मेणाचीच. आई खोटं बोलत नव्हती. बाईंच्या डोक्यात किडा शिरला.

त्यांचा मामेभाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्यांनी त्याला बोलावून घेतलं.

"ताई, कॅमेऱ्याचं चित्र आहे तसं पाठवायचं तर ते इंटरनेटवर मावायचं नाही," तो खुर्ची ओढत म्हणाला. "ते आवळून पाठवावं लागतं. आधी हे काम तुझा प्रोसेसर करायचा. त्याच्या नाकी नऊ यायचे, चित्र अडकायचं. म्हणून मागच्या महिन्यात मी ते ग्राफिक्स कार्डाकडे सोपवलं. कार्डात ह्या एकाच कामासाठी वेगळा भाग असतो. तो झटपट उरकतो."

"उरकतो म्हणजे? नीट करत नाही?"

"करतो गं. पण फार विचार करत बसत नाही. त्यातून तुझं कार्ड जुनं."

बाईंनी हे सगळं वडिलांना हातांनी सांगितलं. म्हातारबुवांनी टेबलावर तळहात ठेवला आणि मिश्किल हसले. 'म्हणजे ते यंत्र होतं तर! मागच्या महिन्यापर्यंत तुझा तास सुरू झाला की टेबल थरथरायचं. मला वाटायचं, तू घाबरतेस.'

प्रोसेसरला गार करणारा पंखा जिवाच्या आकांताने फिरत असे, त्याची ती थरथर. मामेभाऊ पोट धरून हसला.

पण बाईंचं समाधान होईना. त्यांनी वडिलांना कार्डाने आवळलेलं रेकॉर्डिंग दाखवलं. ते म्हणाले, 'सगळं तर दिसतंय!' बाई चक्रावल्या. मेणाची बोटं ह्यांना दिसतात कशी? विचार करता करता त्यांच्या लक्षात आलं की वडील बोटं बघतच नव्हते. पुढे काय येणार हे त्यांना आधीच कळत होतं. न दिसलेलं ते मनातूनच भरत होते. नव्या शिकणाऱ्याकडे भरायला असतं काय?

मग बाईंनी अंदाजच लागणार नाही अशी वाक्यं रचली. 'छत्रीने चमच्याला थांब म्हटलं.' 'दुधाने काल जिना रंगवला.' ही अक्कलशून्य वाक्यं त्यांनी गंभीर चेहऱ्याने कॅमेऱ्यापुढे केली. मामेभावाने तेच चित्रण तीन तऱ्हांनी आवळलं: कार्डाकडून, प्रोसेसरकडून घाईघाईने आणि प्रोसेसरकडूनच निवांत. वडील परीक्षक. कुठली फीत कुठली हे त्यांना सांगितलं नाही.

कार्डाच्या फितीत ते अडखळले. प्रोसेसरच्या घाईच्या फितीतही अडखळले, तितकेच. तिसरी लागली तेव्हा त्यांनी सगळी वाक्यं बिनचूक करून दाखवली आणि वर विचारलं, 'तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?'

"म्हणजे प्रोसेसर श्रेष्ठ असं नाहीच," बाई म्हणाल्या. "त्याला सवड दिली तर श्रेष्ठ."

"आणि थेट तासात सवड कुठून आणणार?" मामेभाऊ म्हणाला. "तिथे कार्डच हवं."

"मग कार्डाचं ओझं कमी करू. त्याला जड काय जातं?"

"हलणारं. जे जागचं हलत नाही ते त्याला पुन्हा पुन्हा पाठवावं लागत नाही. जे हलतं त्यावर सगळा खर्च."

बाईंनी मागे वळून पाहिलं. पंख्याच्या वाऱ्याने पडद्यावरचं पान न् पान डुलत होतं. इतके दिवस त्यांच्या बोटांच्या वाटणीचं ही पानं खात होती! त्यांनी तिथल्या तिथे पडदा उतरवला, खिडकीला राखाडी रंगाचा पुठ्ठा ठोकला, दिवा जवळ ओढला. मामेभावाने नवीन फीत काढली. बोटं बरीच सुधारली होती, पण एखाद्या झटक्यात अजून चिकटत होती.

"चित्राला ह्याहून जास्त जागा मिळणार नाही," तो म्हणाला. "शिकणाऱ्यांकडचं इंटरनेटच तेवढं."

बाई कॉम्प्युटरवरचे आकडे निरखत होत्या. "हा वेगळा आकडा कसला रे?"

"तो आवाजाचा."

"कुणाचा आवाज?"

खुणांचा वर्ग, तासभर बाई तोंडाने चकार शब्द बोलत नसत, आणि महिनोन्महिने त्यातून पंख्याची घरघर गावोगाव चालली होती! मामेभावाने तासापुरता आवाज बंद केला आणि वाचलेली जागा चित्राला दिली. वडिलांनी फीत पाहिली, बोटं सुटी करून हवेत नाचवली. जमलं होतं.

तेव्हापासून थेट तास कार्डाकडे आणि जपून ठेवायचे धडे प्रोसेसरकडे, अशी वाटणी झाली. घरात जेवणं चालू असताना तो आपला निवांत काम करत बसे. त्या आईने पुढच्याच आठवड्यात कळवलं की पोरगी आता दुधाची खूण दिसली की दोन्ही हात पुढे करते.

मामेभावाला वाटलं, आपली सुटका झाली. पण एका दुपारी तो सहज डोकावला तर बाई सेटिंग उघडून बसलेल्या.

"बरं झालं आलास. हे खालचं काय असतं? मी ते कमी केलं तर हात ठीक राहिले आणि माझा चेहरा बिघडला. चेहऱ्याचंही काम असतं रे, प्रश्न विचारताना भुवया लागतात."

त्याने वाकून पाहिलं. "ताई, खरं सांगू? ते मलाही माहीत नाही."

"मग बस की," बाई म्हणाल्या आणि बाजूची खुर्ची मोकळी करायला त्यांनी वडिलांची पुस्तकं उचलली.